दिलेला शब्द बदलताना विद्यापीठाला कोणाची परवानगी लागते?

इंग्लंडमधील एखाद्या विद्यापीठाने अल्प उत्पन्नाच्या घरातील विद्यार्थ्यांना दरवर्षी ठरावीक रकमेची मदत देण्याचे लेखी जाहीर केले आणि दोन वर्षांनी तिजोरीत खडखडाट झाला, तर ती मदत निम्मी करण्याचा अधिकार त्या विद्यापीठाला आहे का? विद्यापीठे स्वायत्त असतात, आपला अर्थसंकल्प आपणच ठरवतात, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असावे, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ते तसे नाही. तेथे अशी मदत ज्या दस्तऐवजात लिहिलेली असते, तो ‘प्रवेश व सहभाग आराखडा’ नियामकाने मंजूर केलेला असतो आणि एकदा मंजूर झालेल्या आराखड्यातील वचन एकतर्फी बदलण्याची मुभा विद्यापीठाला नसते.

हा विषय वरकरणी दूरदेशीचा वाटला तरी गोव्यातील अनेक घरांशी त्याचा थेट संबंध आहे. पोर्तुगीज नागरिकत्वाच्या आधारे इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या गोमंतकीयांची मोठी वस्ती स्विंडन शहरात आहे. तेथे वाढलेली त्यांची मुले आता महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर उभी आहेत. लंडनमध्ये तर महाराष्ट्र मंडळाची स्थापनाच १९३२ मधील. या कुटुंबांतील मुलांना तेथील विद्यापीठ कोणते शुल्क आकारते, कोणती सवलत देते आणि ती मध्येच काढून घेऊ शकते का, हे प्रश्न त्यांच्या इथल्या आजी-आजोबांपर्यंत पोहोचतात. म्हणून या व्यवस्थेची रचना समजून घेणे उपयोगाचे आहे.

शुल्कवाढीच्या बदल्यात हमी

या आराखड्यांचा उगम दानधर्मात नाही, शुल्कवाढीत आहे. इंग्लंडमध्ये पदवीचे शुल्क वाढवण्याचा निर्णय तेथील संसदेने २००४ च्या उच्च शिक्षण कायद्याद्वारे घेतला. २००६ पासून विद्यापीठांना वर्षाला ३,००० पौंडांपर्यंत शुल्क आकारण्याची मुभा मिळाली. एवढ्या शुल्काने गरीब घरातील मुले विद्यापीठाच्या दारातूनच परत फिरतील, अशी भीती तेव्हा संसदेत आणि बाहेरही व्यक्त झाली. त्यावर तोडगा निघाला तो असा : ज्या विद्यापीठाला मूळ मर्यादेपेक्षा अधिक शुल्क घ्यायचे असेल, त्याने आपण वंचित गटांतील विद्यार्थ्यांसाठी काय करणार आहोत, हे लिहून द्यावे आणि ते स्वतंत्र अधिकाऱ्याकडून मंजूर करून घ्यावे. त्यासाठी ‘ऑफिस फॉर फेअर अ‍ॅक्सेस’ हे कार्यालय स्थापन झाले. मार्टिन हॅरिस हे त्याचे पहिले संचालक.

२०१२ मध्ये शुल्काची वरची मर्यादा ९,००० पौंडांवर गेली आणि मूळ मर्यादा ६,००० पौंड राहिली. या दोहोंमधील अंतर हेच या साऱ्या व्यवस्थेचे इंजिन आहे. आराखडा मंजूर नसेल तर विद्यापीठाला खालच्या मर्यादेवर थांबावे लागते. हजारो विद्यार्थी असलेल्या संस्थेसाठी तो फरक कोट्यवधी पौंडांचा होतो. त्यामुळे आराखडा लिहिणे ऐच्छिक दिसत असले तरी मोठ्या विद्यापीठांना त्यावाचून गत्यंतर नसते.

पुढे २०१७ च्या उच्च शिक्षण व संशोधन कायद्याने ही जबाबदारी नव्या नियामकाकडे सोपवली. ‘ऑफिस फॉर स्टुडंट्स’ या नावाच्या या नियामकाने एप्रिल २०१८ पासून जुन्या कार्यालयाचे काम हाती घेतले. ‘समन्याय्य प्रवेश व सहभाग’ या विषयासाठी त्याच्या रचनेत स्वतंत्र संचालकपदाची तरतूद कायद्यानेच केली आहे. नावातील ‘सहभाग’ हा शब्द महत्त्वाचा आहे. केवळ प्रवेश देऊन काम भागत नाही. आलेला विद्यार्थी मध्येच शिक्षण सोडतो का, त्याला चांगली श्रेणी मिळते का, पदवीनंतर त्याला योग्य काम मिळते का, या साऱ्याचा विचार आता आराखड्यात करावा लागतो.

ही व्यवस्था इंग्लंडपुरती आहे, हेही लक्षात ठेवावे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांच्या व्यवस्था वेगळ्या असून त्यांचे नियामकही वेगळे आहेत. ‘ब्रिटनमध्ये असे असते’ अशा सरसकट विधानाने अनेकांची फसगत होते.

आराखड्यात काय लिहिलेले असते

प्रत्येक आराखड्याचे साधारण चार भाग असतात. पहिला भाग शुल्काचा. कोणत्या प्रकारच्या अभ्यासक्रमासाठी जास्तीत जास्त किती शुल्क आकारले जाईल, हे त्यात नमूद करावे लागते. दुसरा भाग निदानाचा. आपल्या संस्थेत कोणते विद्यार्थी कमी संख्येने येतात, कोण मागे पडतात आणि का, याची छाननी विद्यापीठाने स्वतः करायची असते. शाळेत मोफत जेवणास पात्र असलेली मुले, उच्च शिक्षणाचे प्रमाण कमी असलेल्या भागांतील रहिवासी, अपंग विद्यार्थी, काही वांशिक गट, पालकांच्या छत्राविना सरकारी देखरेखीखाली वाढलेली मुले, मोठ्या वयात शिकायला येणारे अशा गटांची आकडेवारी येथे तपासली जाते. मार्च २०२३ मध्ये नियामकाने ‘समान संधीच्या मार्गातील जोखमींची नोंदवही’ प्रसिद्ध केली. तीत बारा जोखमी आहेत. पुरेशा माहितीचा व मार्गदर्शनाचा अभाव, शैक्षणिक आधाराची कमतरता, मानसिक आरोग्य, वाढता राहणीखर्च ही त्यांतील काही उदाहरणे.

तिसरा भाग लक्ष्यांचा. निदानात आढळलेली दरी किती वर्षांत किती कमी करणार, याचे आकडे आणि वर्षे येथे लिहिली जातात. चौथा भाग उपायांचा व पैशांचा. शाळांशी भागीदारी, उन्हाळी शिबिरे, शिष्यवृत्त्या, पायाभूत वर्ष, समुपदेशन, त्यावरचा खर्च आणि या उपायांचा उपयोग झाला की नाही हे तपासण्याची पद्धत असा सारा तपशील त्यात येतो. आराखडा तयार करताना विद्यार्थ्यांचे म्हणणे विचारात घेतले की नाही, हेही सांगावे लागते. कायद्यानुसार आराखड्याची मुदत जास्तीत जास्त पाच वर्षांची असू शकते. अलीकडचे आराखडे साधारण चार वर्षांचे असतात. मंजूर आराखडा जनतेसाठी प्रसिद्ध केला जातो आणि सर्वसामान्यांना समजेल असा त्याचा संक्षेपही जोडावा लागतो.

मंजुरीवाचून न होणारे बदल

चार-पाच वर्षांच्या काळात परिस्थिती बदलणारच. महागाई वाढते, अभ्यासक्रम बंद होतात, नवे सुरू होतात, एखादा उपाय फसतो. मग विद्यापीठाने काय करायचे? कायद्याचे उत्तर असे की, मंजूर आराखड्यातील बांधिलकी बदलायची असेल तर फेरबदलाचा अर्ज करावा आणि नियामकाची मंजुरी मिळेपर्यंत जुनाच आराखडा लागू आहे असे समजून वागावे. ही अट मुख्यतः पुढील बाबींत लागू पडते.

पहिली बाब शुल्काची. आराखड्यात लिहिलेल्या मर्यादेपेक्षा एक पौंडही अधिक घ्यायचा असेल तर फेरबदल आवश्यक ठरतो. सरकारने देशभरासाठी मर्यादा वाढवली म्हणजे प्रत्येक विद्यापीठाची मर्यादा आपोआप वाढत नाही. २०१७ पासून ९,२५० पौंडांवर गोठलेली मर्यादा २०२५-२६ साठी ९,५३५ पौंड करण्याची घोषणा नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली, तेव्हा हा प्रश्न प्रत्यक्ष उपस्थित झाला. सरकारी मर्यादा वाढेल त्या प्रमाणात शुल्क वाढवले जाईल, असे वाक्य ज्या आराखड्यात आधीच होते, त्या संस्थांचा मार्ग सोपा होता. ज्यांनी ठरावीक आकडा लिहून ठेवला होता, त्यांच्या बाबतीत तो आकडाच मर्यादा ठरतो. एका वाक्याच्या असण्या-नसण्याने केवढा फरक पडतो, याचे हे उदाहरण.

दुसरी बाब आर्थिक मदतीची. शिष्यवृत्तीची रक्कम कमी करणे, उत्पन्नाची अट कडक करणे, मदतीची वर्षे घटवणे, रोख रकमेऐवजी शुल्कमाफी किंवा वसतिगृहाची सवलत देणे हे सारे बदल विद्यार्थ्याच्या हातात येणाऱ्या पैशाला भिडतात. समजा, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २५,००० पौंडांपेक्षा कमी असलेल्यांना वर्षाला १,००० पौंड देण्याचे वचन आराखड्यात आहे. ती उत्पन्नमर्यादा २०,००० वर आणायची, तर १,००० हा आकडा कायम राहिला तरी लाभार्थी घटतात. म्हणून हाही फेरबदलच.

तिसरी बाब लक्ष्यांची. एखादे लक्ष्य वगळणे, त्याचा आकडा खाली आणणे किंवा मुदत पुढे ढकलणे विद्यापीठाला आपल्या अखत्यारीत करता येत नाही. गाठता न आलेले लक्ष्य गुपचूप सोपे करून घेण्याची सोय राहिली असती, तर आराखड्याला काही अर्थच उरला नसता.

चौथी बाब मुख्य उपायांची व त्यावरच्या खर्चाची. शाळांबरोबरचा संपूर्ण कार्यक्रम गुंडाळणे किंवा त्यावरचा निधी मोठ्या प्रमाणात घटवणे म्हणजे मंजूर आराखड्याचा गाभाच बदलणे होय. पाचवी बाब रचनेची. विद्यापीठाने नव्या प्रकारचे अभ्यासक्रम सुरू केले, किंवा दुसऱ्या संस्थेमार्फत आपली पदवी शिकवण्याची व्यवस्था केली आणि त्या विद्यार्थ्यांचे शुल्क आराखड्यात नमूद नसेल, तर तेही आधी नोंदवून घ्यावे लागते.

जे बदल विद्यापीठ स्वतः करू शकते

प्रत्येक लहानसहान गोष्टीसाठी नियामकाचे दार ठोठवावे लागते असे मात्र नाही. शिबिर जुलैऐवजी ऑगस्टमध्ये घेणे, दोन शाळांच्या जोडीला तिसरी शाळा घेणे, शिकवणी वर्गाची पद्धत सुधारणे, वचन दिलेल्यापेक्षा अधिक मदत करणे यांनी बांधिलकी कमी होत नाही. मूल्यमापनातून एखादा उपाय निरुपयोगी ठरला आणि त्याच उद्देशासाठी, त्याच गटासाठी अधिक चांगला उपाय योजला, तर ते व्यवस्थेला अपेक्षितच आहे. उपाय कितपत लागू पडतो हे तपासण्याची अट आराखड्यातच असते. तपासून काही बदलायचेच नसेल तर त्या तपासणीला अर्थ काय?

या दोन प्रकारांतील सीमारेषा ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. आराखडा वाचून ज्या विद्यार्थ्याने या संस्थेची निवड केली, त्याला या बदलामुळे कमी मिळणार आहे का, किंवा त्याच्याकडून अधिक घेतले जाणार आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर मंजुरी हवी. उत्तर ‘नाही’ असेल आणि लक्ष्येही जशीच्या तशी असतील, तर बहुधा ते व्यवस्थापनाचे काम आहे.

अर्ज, छाननी आणि आधीचे विद्यार्थी

फेरबदलाचा अर्ज संस्थेच्या नियामक मंडळाच्या वतीने केला जातो. काय बदलायचे आहे, का बदलायचे आहे, त्याचा कोणत्या विद्यार्थ्यांवर कोणता परिणाम होईल आणि विद्यार्थ्यांशी चर्चा झाली का, हे त्यात स्पष्ट करावे लागते. नियामक पाहतो तो मुख्य प्रश्न असा : सुधारित आराखडा मूळ आराखड्याइतकाच समान संधीचे रक्षण करतो का? ‘पैसे नाहीत’ हे कारण ऐकले जाते. पण तेवढ्यावर अर्ज तरत नाही. कपातीचा भार सर्वांत दुबळ्या गटावरच का टाकला, याचेही उत्तर द्यावे लागते.

वेळेलाही महत्त्व आहे. इंग्लंडमध्ये बहुतेक पदवी अभ्यासक्रमांसाठी अर्जाची मुख्य मुदत आदल्या जानेवारीत संपते. शुल्क आणि मदत पाहून विद्यार्थ्याने विद्यापीठ निवडलेले असते. त्यानंतर अटी बदलल्या, तर त्याची निवडच चुकीच्या माहितीवर झाली असे होते. येथे आणखी एक कायदा आड येतो, तो ग्राहक संरक्षणाचा. विद्यापीठ आणि विद्यार्थी यांच्यातील नात्याला तेथे ग्राहक कायदा लागू होतो आणि स्पर्धा व बाजारविषयक प्राधिकरणाने २०१५ पासून विद्यापीठांसाठी त्याबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. नियामकाने फेरबदल मंजूर केला म्हणून विद्यार्थ्याशी झालेला करार मोडण्याचा परवाना मिळत नाही. दोन्ही कसोट्यांना वेगवेगळे उतरावे लागते.

यातूनच एक महत्त्वाचा संकेत रूढ झाला आहे. विद्यार्थ्याला लागू होणारी मदत त्याच्या प्रवेशवर्षाच्या आराखड्याप्रमाणे ठरते. २०२४ मध्ये दाखल झालेल्याच्या वाट्याला त्या वर्षीच्या अटी येतात. २०२५ पासून नवा आराखडा आला तरी जुन्या विद्यार्थ्यांना दिलेले वचन कायम राहावे, अशी अपेक्षा असते. म्हणून एकाच वर्गात शेजारी बसलेल्या दोघांना वेगवेगळी मदत मिळत असेल, तर त्यात गैर काही असेलच असे नाही.

तीन प्रसंग, तीन धडे

या व्यवस्थेची खरी परीक्षा २०११ मध्ये झाली. पुढच्या वर्षीपासून शुल्क ९,००० पौंडांवर जाणार होते आणि विद्यापीठांनी त्या वर्षासाठीचे करार मंजुरीसाठी सादरही केले होते. तेवढ्यात जून २०११ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने २०,००० जागा सरासरी शुल्क ७,५०० पौंडांपर्यंत असलेल्या संस्थांसाठी राखून ठेवण्याचे जाहीर केले. मधल्या फळीतील विद्यापीठांची पंचाईत झाली. जागा गमवायच्या नसतील तर सरासरी शुल्क खाली आणणे भाग होते. सुमारे दोन डझन संस्थांनी आपले करार बदलण्यासाठी अर्ज केले आणि वर्षअखेरीस त्यांना मंजुरी मिळाली. अनेकांनी रोख शिष्यवृत्तीतील पैसा शुल्कमाफीकडे वळवला, कारण शुल्कमाफीने सरासरी शुल्क कमी दिसते, रोख मदतीने दिसत नाही.

विद्यार्थी संघटनांनी त्यावर टीका केली आणि तिच्यात तथ्य होते. इंग्लंडमध्ये शुल्क कर्जातून भरले जाते आणि परतफेड उत्पन्नावर अवलंबून असते. २०१२ च्या योजनेत तीस वर्षांनी उरलेले कर्ज माफ होणार होते. म्हणजे आज शुल्कात सवलत मिळालेल्या अनेकांना तिचा प्रत्यक्ष लाभ कधीच होणार नव्हता, कारण त्यांचे तेवढे कर्ज पुढे माफच झाले असते. उलट हातात आलेल्या रोख रकमेतून या महिन्याचे भाडे भागते. कागदावर मदतीची एकूण रक्कम तीच, पण विद्यार्थ्याच्या दृष्टीने तिचे मोल निराळे. मंजुरीची प्रक्रिया का हवी आणि ती असूनही काय निसटू शकते, हे दोन्ही या प्रसंगातून दिसते.

दुसरा प्रसंग २०२० चा. करोनाच्या साथीत शाळा बंद पडल्या, शिबिरे रद्द झाली, शाळाभेटी थांबल्या. आराखड्यात लिहिलेले उपाय पार पाडणे अशक्यच होते. अशा वेळी शब्दाला शब्द धरून बसण्यापेक्षा नियामकाने अहवालांच्या अटी सैल केल्या आणि संस्थांनी शक्य ते सर्व वाजवी प्रयत्न करावेत, अशी भूमिका घेतली. परिस्थितीने लादलेली असमर्थता आणि सोयीसाठी केलेली माघार यांत फरक करता येतो, हा त्याचा धडा.

तिसरा प्रसंग उलट दिशेचा. २०२२ च्या वसंतात नियामकानेच विद्यापीठांना आपल्या चालू आराखड्यांत फेरबदल मागण्यास सांगितले. जॉन ब्लेक तेव्हा नुकतेच संचालक झाले होते. शाळकरी मुलांची गुणवत्ता उंचावण्यासाठी शाळांशी अधिक घट्ट भागीदारी, पदवीखेरीज अन्य वाटांचा विस्तार, उपायांचे काटेकोर मूल्यमापन आणि साध्या भाषेतील संक्षेप यांचा समावेश २०२३-२४ पासून व्हावा, अशी अपेक्षा होती. येथेही मार्ग तोच राहिला. नियामकाने विद्यापीठांच्या कागदावर स्वतः लेखणी चालवली नाही. विद्यापीठांनी अर्ज केले आणि नियामकाने ते मंजूर केले.

लक्ष्य हुकले तर शिक्षा होते का?

याविषयी बराच गैरसमज आढळतो. आराखड्यातील लक्ष्य गाठता आले नाही एवढ्यावरून विद्यापीठ दोषी ठरत नाही. नोंदणीची अट अशी की, संस्थेने आराखड्याचे पालन करण्यासाठी सर्व वाजवी प्रयत्न करावेत. प्रयत्न केले, खर्च केला, तरी दरी कमी झाली नाही, तर कारणांची चर्चा होईल. शिक्षा होईलच असे नाही. मात्र मदत न देणे, कार्यक्रम न राबवणे किंवा मंजुरीविना शुल्क वाढवणे ही गोष्ट वेगळी. तेव्हा नियामक विशेष अटी घालू शकतो, दंड करू शकतो आणि पुढचा आराखडा नाकारू शकतो. दंडाची कमाल मर्यादा संस्थेच्या पात्र उत्पन्नाच्या दोन टक्के किंवा पाच लाख पौंड, यांपैकी जी अधिक असेल ती आहे. आराखडा नाकारला गेला तर संस्थेला खालच्या शुल्कमर्यादेवर यावे लागते, आणि तो फटका दंडापेक्षा कितीतरी मोठा असतो.

नियामकाच्या अधिकारालाही कुंपण आहे. अभ्यासक्रमात काय शिकवावे, कोणाला नेमावे आणि प्रवेशाचे निकष कोणते असावेत, हे ठरवण्याचे स्वातंत्र्य विद्यापीठाचे आहे आणि आराखड्यांविषयीचे अधिकार वापरताना त्या स्वातंत्र्याचे रक्षण करणे नियामकावर कायद्याने बंधनकारक आहे. त्यामुळे ‘अमुक गटाला अमुक जागा द्या’ असा हुकूम नियामक काढू शकत नाही.

आपल्याकडील व्यवस्थेशी तुलना

भारतीय वाचकाला नेमके हेच वेगळे वाटेल. आपल्याकडे सामाजिक न्यायाचा मुख्य आधार आरक्षण आहे. केंद्रीय शिक्षणसंस्थांत इतर मागासवर्गीयांना २७ टक्के जागा २००६ च्या कायद्याने मिळाल्या. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी दहा टक्क्यांची तरतूद २०१९ च्या घटनादुरुस्तीने झाली. येथे टक्का विधिमंडळ ठरवते आणि संस्था तो पाळते. इंग्लंडमध्ये राखीव जागा नाहीत. प्रत्येक संस्था आपले वचन आपणच लिहिते, पण लिहिल्यावर ते तिच्या एकटीचे राहत नाही. पहिल्या पद्धतीत हक्क पक्का आणि सर्वत्र सारखा असतो. दुसऱ्या पद्धतीत वचन संस्थेच्या गरजेप्रमाणे घडवता येते, मात्र ते किती मोठे असावे यावर वाद चालूच राहतो.

मदत मध्येच थांबली तर काय होते, हे आपल्या इतिहासालाही ठाऊक आहे. सयाजीराव गायकवाड यांच्या बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. त्यात कोणी वचन मोडले नव्हते. मुदतच तेवढी होती. तरीही लंडनला पुन्हा जाण्यासाठी १९२० उजाडावे लागले. बुद्धी तीच, विद्यापीठ तेच. आड आला तो पैसा. आजच्या विद्यार्थ्याला प्रत्येक वर्षी किती मदत मिळणार हे आधीच ठाऊक असणे का गरजेचे आहे, हे यावरून कळते.

वाद आणि पुढची दिशा

विद्यापीठांची तक्रार अशी की, शंभर विद्यार्थ्यांची छोटी संस्था आणि तीस हजारांचे विद्यापीठ यांना जवळपास सारखीच कागदपत्रे करावी लागतात. शिवाय पैशांची चणचण खरी आहे. इंग्लंडमधील ४३ टक्के संस्थांना २०२४-२५ मध्ये तूट अपेक्षित असल्याचे नियामकानेच मे २०२५ मध्ये सांगितले. तूट असताना चार वर्षांपूर्वीचे वचन निभावायचे कसे, हा प्रश्न गैर नाही. दुसरी बाजू म्हणते की, तुटीच्या काळातच या हमीची गरज सर्वाधिक असते. कारण कात्री लागते ती ज्यांचा आवाज क्षीण त्यांच्या मदतीला. ऑक्टोबर २०२५ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने सर्वांना एकच माप लावण्याऐवजी जोखमीनुसार देखरेख ठेवण्याची दिशा सुचवली आहे. ज्या संस्थेची कामगिरी चांगली तिच्यावर भार कमी, जी मागे तिच्यावर लक्ष अधिक, असा त्याचा आशय. ती प्रत्यक्षात कशी उतरते, यावर फेरबदलाच्या मंजुरीची कक्षाही अवलंबून राहील.

गोमंतकीय कुटुंबांनी काय पाहावे

पहिली गोष्ट शुल्काच्या दर्जाची. आराखड्यातील शुल्कमर्यादा आणि मदत तेथील ‘देशांतर्गत’ विद्यार्थ्यांसाठी असते. भारतातून विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्यांना ती लागू होत नाही. त्यांच्या शुल्कावर सरकारी मर्यादाच नाही. युरोपीय नागरिकांनाही ब्रेक्झिटनंतर, २०२१-२२ पासून, ही सवलत सरसकट मिळत नाही. स्थायिक दर्जा मिळालेल्या आणि आवश्यक तीन वर्षांचे वास्तव्य असलेल्या कुटुंबांतील मुलांची स्थिती वेगळी आहे. त्यामुळे केवळ हाती पोर्तुगीज पासपोर्ट आहे म्हणून नव्याने जाणाऱ्याने देशांतर्गत शुल्क गृहीत धरू नये.

दुसरी गोष्ट, मुलाच्या प्रवेशवर्षाला लागू असलेला आराखडा शोधून वाचावा. तो नियामकाकडे आणि विद्यापीठाकडे अशा दोन्ही ठिकाणी खुला असतो. माहितीपुस्तिकेतील आकर्षक वाक्यापेक्षा त्यातील आकडा अधिक भरवशाचा. तिसरी गोष्ट, मदतीची रक्कम, उत्पन्नाची अट आणि ती किती वर्षे मिळणार, हे प्रवेश स्वीकारण्यापूर्वी लेखी घ्यावे. पुढे ‘धोरण बदलले आहे’ असे उत्तर मिळाले, तर एकच प्रश्न विचारावा : हा बदल मंजूर आराखड्यात कोठे आहे? त्याचे उत्तर संस्थेला देता आले नाही, तर विद्यार्थ्याला दिलेले जुने वचन अजून कायम आहे.